वस्तीची संमती

देवांगनाने धाकट्या भावाला आपली किडनी दिली त्याला सात वर्षं झाली होती, आणि झापडताप खोऱ्यात आला त्याला तीन. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध येईल, असं तोवर कुणाच्याच मनात आलं नव्हतं.

पिंपळखारी हे वैनगंगेच्या खोऱ्यातलं गाव. भोवती जुने मालगुजारी तलाव आणि धानाच्या बांध्या, गावात निम्म्याहून जास्त घरं मासेमारी करणाऱ्या ढिवरांची. नवरा गेल्यावर देवांगना वलथरे माहेरी परतली आणि भावाच्याच आवारात दोन खोल्या बांधून राहू लागली. भाऊ नीलकंठ तिच्याहून दहा वर्षांनी लहान. मच्छीमार संस्थेच्या मत्स्यबीजाच्या टाक्या तो सांभाळायचा. पाण्याला हात लावून बीज जगणार की मरणार हे सांगायचा, आणि ते सहसा खरं ठरायचं. बायको हर्षला, सहा वर्षांची मुलगी ओवी. देवांगनाची किडनी त्याच्या शरीराने परकी म्हणून झिडकारू नये, यासाठी त्याला सकाळ-संध्याकाळ गोळ्या घ्याव्या लागत. त्या गोळ्या शरीराची लढण्याची ताकदच दाबून ठेवतात. साध्या पडशानेही तो पंधरा दिवस अंथरुणाला खिळे.

झापडताप पावसाळा ओसरला की यायचा. मातीच्या भिंतींच्या भेगांत राहणारी एक बारीक माशी चावली की विषाणू रक्तात शिरे. मोठ्यांना काही होत नसे. दहा वर्षांखालच्या मुलांचं मात्र सकाळी अंग तापे, दुपारी डोळ्यांवर झापड येई, आणि दुसऱ्या दिवशी मूल हाकेला ओ देईनासं होई. दहातली चार जात. वाचलेल्यांतली काही बोलणं विसरून जात. तिसऱ्या वर्षी तालुक्यात चौसष्ट मुलं गेली. पिंपळखारीतली पाच, आणि त्यातली एक ओवीच्या शेजारी बसणारी.

लस निघाली होती, पण तिचा असर चार महिन्यांत उतरे. वर्षातून तीनदा टोचायची म्हटलं तर अर्धी कुटुंबं वीटभट्टीवर, नाहीतर तेंदूपत्त्याला जंगलात. आशाताई सुया घेऊन येत आणि कुलपं बघून परत जात.

याच काळात तालुक्यात आरोग्य सल्ला मंच उभा राहिला होता. सरकारी माणसं नुसती येऊन सांगतात आणि लोक ऐकत नाहीत, म्हणून नऊ स्थानिक संस्थांनी एकत्र येऊन आरोग्य खात्याला सल्ला द्यायचा, अशी ती कल्पना. मच्छीमार संस्था, तेंदूपत्ता मजुरांची संघटना, बुद्धविहार समिती, एक भजनी मंडळ, मशिदीची जमात, आशाताईंची संघटना, भातगिरणी कामगार, पालक संघ, आणि देवांगना जिची अध्यक्ष होती तो महिला बचत गटांचा संघ. मंचाने कामही चोख केलं. भिंतींच्या भेगा शेणमातीने लिंपायचं भजनी मंडळाने घरोघर पटवलं. फवारणीला कोणत्या गल्लीत कधी यायचं हे बायकांनी ठरवून दिलं. लोकांचा मंचावर विश्वास बसला, आणि पुढे जे झालं ते त्या विश्वासामुळेच झालं.

चौथ्या वर्षीच्या उन्हाळ्यात डॉक्टर मेघना उपासे मंचापुढे आल्या. राज्याच्या विषाणू प्रयोगशाळेत त्या पंधरा वर्षं काम करत होत्या. त्यांनी नवी लस समजावून सांगितली, आणि नऊही संस्थांच्या लोकांना ती समजली, इतकं सोपं करून सांगितली.

पडशाचा एक अगदी सौम्य विषाणू घेतला होता. त्याच्या अंगावर झापडतापाच्या विषाणूचा एक निरुपद्रवी तुकडा बसवला होता. हा पडशाचा विषाणू नाकात गेला की दोन दिवस शिंका येतात, आणि तेवढ्यात शरीर झापडतापाला ओळखायला शिकतं. खरी गोष्ट त्यापुढची. ही लस एका माणसाकडून दुसऱ्याकडे आपोआप जाते. तीनशे लोकांच्या नाकात थेंब टाकले की दोन महिन्यांत अख्ख्या तालुक्याला लस मिळते. सुई नको, बर्फाची पेटी नको, भट्टीवर गेलेल्यांना शोधणं नको.

ती पसरतच राहिली तर, असं विहार समितीच्या माणसाने विचारलं. त्याचीही सोय केली होती. विषाणूच्या धाग्यात दहा मणी ओवल्यासारखे दहा तुकडे होते. एका माणसातून दुसऱ्यात जाताना एक मणी गळतो. दहा माणसं ओलांडली की मणी संपतात आणि विषाणूला स्वतःची नक्कल करता येत नाही. दहा आठवड्यांत सगळं आपोआप थांबेल.

देवांगनाने विचारलं, "ज्याइची ताकद गोळ्यांनी दाबून ठेवली आहे, त्याइचं काय?"

डॉक्टरांनी लपवलं नाही. अशा माणसाच्या शरीरातून हा विषाणू लवकर निघत नाही. महिनोन्महिने राहतो, फुप्फुसात उतरतो, जीवही जाऊ शकतो. तालुक्यात असे बावीस जण आहेत. त्यांना दहा आठवडे दुसऱ्या जिल्ह्यात नेऊन ठेवायचं आणि विषाणू संपला की परत आणायचं.

अशा लसीला एकेका माणसाची परवानगी घेता येत नाही. शेजाऱ्याने हो म्हटलं की तुमच्या नाही म्हणण्याला अर्थ उरत नाही. म्हणून नव्या कायद्यात वस्तीची संमती नावाची तरतूद आली होती. स्थानिक संस्थांच्या मंचाने अनुकूल सल्ला दिला, की ती साऱ्या वस्तीची संमती धरायची. कागदावर त्याला सल्लाच म्हणत.

बैठक उठल्यावर उपासेबाई चहाला थांबल्या. पुढच्या आठवड्यात मत द्यायचं तेव्हा तुम्ही आधी बोललात तर बरं होईल, असं त्या देवांगनाला म्हणाल्या. देवांगनाला त्याचा अर्थ लगेच कळला. जिच्या घराला सगळ्यांत जास्त झळ बसणार आहे, तिनेच हो म्हटल्यावर बाकीच्यांना नाही म्हणायला तोंड राहणार नव्हतं. उपासेबाईंनाही ते माहीत होतं. त्यांनी नजर वळवून कप खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवांगना टाक्यांवर गेली. नीलकंठ बारीक जाळीने बीज वर काढून मोजत होता. तिने सगळं सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याच क्रमाने. तो मोजत राहिला. एक टाकी पुरी झाल्यावर जाळी झटकून बाजूला ठेवली.

"बाई, माझ्यासाठी नाई म्हण, असं मी तुले म्हणणार नाई," तो म्हणाला. "घरात ओवी आहे. पण हाव म्हण, असंही माझ्या तोंडून काढून घेऊ नोको. ते तुझं तू ठरव."

आणि तो पुढच्या टाकीकडे वळला. आठवडाभर आवारात येता-जाता दोघं धानाचं बोलली, हर्षलाच्या माहेरचं बोलली. देवांगनाला वाटे, त्याने भांडावं. भांडला असता तर तिला त्याची समजूत घालता आली असती.

बैठकीच्या दिवशी ती सगळ्यांत आधी उठली. संघाच्या बायकांचं म्हणणं हो असं आहे, एवढंच म्हणाली आणि खाली बसली. मच्छीमार संस्थेच्या म्हाताऱ्या अध्यक्षाने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं, मग त्यानेही हो म्हटलं. नऊच्या नऊ मतं अनुकूल पडली. सगळं वीस मिनिटांत आटोपलं.

त्या बाविसांची यादी रुग्णालयांच्या कागदांवरून झाली होती. तरी कुणी राहू नये म्हणून मंचाने घरोघर जाऊन अर्ज भरून घेतले. पिंपळखारीची घरं देवांगनाने स्वतः केली. उन्हात छत्री धरून, एकही दार न सोडता. कोणतं औषध नेहमी चालू आहे का, हा त्यातला चौथा प्रश्न होता.

बावीस जणांना नव्वद किलोमीटरवरच्या एका रिकाम्या आश्रमशाळेत नेलं. गाडीत चढताना नीलकंठने ओवीला खांद्यावर घेतलं, टाक्यांचं पाणी कधी बदलायचं ते हर्षलाला पुन्हा एकदा सांगितलं, आणि बहिणीला म्हणाला, "येतो बाई." नागपंचमीनंतर परत यायचं होतं.

आठवडी बाजारात आणि शाळेत मिळून तीनशे जणांच्या नाकात थेंब पडले. महिन्याभरात सारा तालुका शिंकत होता. लोक त्याची चेष्टा करत. कुणी शिंकलं की आली सरकारी शिंक म्हणत. ओवीचं नाक दोन दिवस वाहिलं आणि थांबलं. पावसाळा ओसरला, माशा आल्या, आणि मंच दम धरून बसला. त्या वर्षी तालुक्यात तीन मुलांना ताप आला. तिघंही वाचली. शाळेत एकही बाक रिकामा झाला नाही. शेजारच्या गल्लीतली, आदल्या वर्षी मुलगा गेलेली एक बाई देवांगनाच्या दारात आली, तिचे हात हातात घेऊन उभी राहिली आणि निघून गेली.

पण दहा आठवडे उलटून अठरा झाले तरी बावीस जण परत आले नव्हते. नाल्यांच्या पाण्याचे नमुने दर सोमवारी तपासत, आणि विषाणू संपायचं नाव घेत नव्हता. मणी सरलेले विषाणू मिळत होते, तसे दहाच्या दहा मणी शाबूत असलेलेही मिळत होते.

शोध घेत घेत प्रयोगशाळेची माणसं पिंपळखारीतच आली. भागरताबाई मारबते नावाची बासष्ट वर्षांची बाई, देवांगनाच्याच गटातली. चार महिने तिचा खोकला हटत नव्हता, आणि ती माणसं पोचली त्याच्या आठ दिवस आधी ती गेली होती. तिचे गुडघे धरत. बाजारात एक वैदू वाताची पुडी विकायचा, ती रोज पाण्याबरोबर घेई. त्या पुडीत स्टेरॉइड मिसळलेलं होतं. नीलकंठच्या गोळ्या जे काम करत तेच ती पुडी करत होती, वर्षानुवर्षं, तिला न कळता. विषाणू तिच्या फुप्फुसात मुक्काम ठोकून राहिला, आपल्या कोट्यवधी नकला करत गेला, आणि त्या नकलांत चुकत चुकत अशी एक निघाली जिचे मणी गळतच नाहीत. तीच मग बाहेर पडली.

देवांगनाने अर्जांचा गठ्ठा काढला. भागरताबाईंचा अर्ज तिच्याच अक्षरात होता. तिला तो दिवस आठवला. चौथा प्रश्न विचारल्यावर म्हातारी हसून म्हणाली होती, औषध कशाचं, वाताची पुडी घेते फक्त. आणि देवांगनाने 'नाही' असं लिहिलं होतं.

तिने तो अर्ज मंचाच्या बैठकीत सगळ्यांपुढे ठेवला. यात तुमची एकटीची चूक नाही, पुडीचा प्रश्न आम्हीच अर्जात घालायला हवा होता, असं उपासेबाई म्हणाल्या. त्या खरं बोलत होत्या, पण देवांगनाला त्याने काही फरक पडला नाही. पुढचं त्यांनी आणखी हळू सांगितलं. हा विषाणू आता थांबणार नाही. पडशासारखा तो माणसांत राहील, वर्षा-दीड वर्षात राज्यभर जाईल. धडधाकट माणसाला त्याची भीती नाही, उलट झापडताप कायमचा संपेल. बावीस जणांसाठी औषधाचं काम सुरू आहे, पण तीन वर्षं तरी लागतील.

बाविसांतले तेव्हा एकोणीस उरले होते. आश्रमशाळेतल्या स्वयंपाकिणीला शिंका आल्या, आणि दोन महिन्यांत तिघं गेले. बाकीचे जिकडे वाट मिळेल तिकडे पांगले.

नीलकंठ आधी वर्धा नदीच्या काठी एका मत्स्यशेतीवर राहिला. तिथल्या नाल्यात विषाणू सापडल्याचं कळलं, तसा तो मेळघाटात गेला. तिथून खानदेशात. तीन महिन्यांत तीन मुक्काम. दर वेळी देवांगनाच त्याला फोन करून सांगे, कारण मंचाकडे नमुन्यांचे निकाल आधी येत. निघ आता, एवढंच ती म्हणे. तो काही न विचारता पिशवी भरी. ओवी फोनवर त्याला चित्रं दाखवी. पहिल्या पहिल्यांदा तो कधी येणार हे विचारायची, मग तिने विचारणं सोडलं. ते सोडलं हे नीलकंठच्या लक्षात आलं. बहिणीला त्याने ते एकदाच बोलून दाखवलं.

त्यानंतर दोन महिने तो कमी बोलायचा. मग माघात एका दुपारी एसटीतून उतरून तो सरळ चालत घरी आला. तोंडाला फडकं नव्हतं. हर्षला अंगणात धान वाळवत होती, ती जागच्या जागी बसून राहिली. ओवी शाळेतून यायची होती. देवांगना धावत आपल्या खोलीतून बाहेर आली आणि दहा हातांवर थांबली, तिकडेच राहा म्हणून हातवारे करू लागली.

"जवळ ये बाई, काही होत नाई," नीलकंठ म्हणाला. "गोळ्या बंद केल्या मी. दीड महिना झाला."

तिला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. गोळ्या बंद म्हणजे शरीराची ताकद परत आली. तो आता या विषाणूशी लढू शकत होता, आपल्या घरात श्वास घेऊ शकत होता. आणि तीच ताकद आत बसलेल्या परक्या किडनीवर तुटून पडणार होती. त्याचे पाय सुजलेले तिने पाहिले. चेहराही सुजला होता.

"नागपूरच्या डॉक्टरले विचारलं का?"

"विचारलं. नाई म्हटले."

"मले तरी विचारायचं," ती म्हणाली. "माझी होती ती."

नीलकंठने चपला काढल्या, पायरीवर बसला. त्याच्या आवाजात राग नव्हता.

"विचारलं असतं तर तू नाई म्हटली असती. मग मले तुझं ऐकावं लागलं असतं. मले पोरीजवळ राहाचं आहे बाई."

ती त्याच्या शेजारी बसली. मंचात आपण नाही म्हटलं असतं तर गावातल्या किती पोरांचे बाक रिकामे झाले असते, हे तिला ठाऊक होतं. त्यालाही होतं. चार वाजता ओवी आली, फाटकाशी उभी राहिली, आणि हा खरा बाप आहे की काय ते ठरवायला तिला बराच वेळ लागला.

किडनी मार्चअखेर पूर्ण गेली. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शनिवार, आठवड्यातून तीनदा देवांगना त्याला तालुक्याच्या रुग्णालयात डायलिसिसला नेऊ लागली. चार तास तो यंत्राला जोडलेला असे आणि ती बाहेर बाकावर. मंचाची कामंही ती त्या बाकावरच उरकी.

तिथेच एका बुधवारी नदीपलीकडच्या तालुक्यातले दोघं तिला भेटायला आले. एक निवृत्त मुख्याध्यापक, उरकुडे गुरुजी, आणि एक आशाताई. त्यांच्याकडे नुकताच मंच झाला होता. लसीवर मत द्यायची बैठक आठ दिवसांवर आली होती. तुमचा अनुभव आहे, तर आम्ही हो म्हणावं की नाही, हा सल्ला मागायला ते आले होते. गुरुजींनी प्रश्न लिहून आणले होते.

देवांगनाने ते ऐकून घेतले. मग पिशवीतून मोबाइल काढून नमुन्यांचा निकाल त्यांच्यापुढे धरला. त्यांच्या तालुक्याच्या दोन नाल्यांत विषाणू मागच्याच महिन्यात सापडला होता. हे त्यांना कुणी कळवलं नव्हतं.

गुरुजींनी चष्मा लावून निकाल दोनदा वाचला. मग बैठक कशासाठी बोलावली, असं त्यांनी विचारलं. देवांगनाने मोबाइल पिशवीत ठेवला. त्यांची यादी तिने मागितली. रुग्णालयाच्या कागदांवरून चौदा नावं काढलेली होती. घरोघर अजून कुणी गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. सकाळच्या गाडीने ती नदी ओलांडून गेली. आशाताईने आठवून आठवून सांधे धरणाऱ्या माणसांची घरं सांगितली, आणि तिघं निघाले. पहिलं घर एका तरुण बाईचं होतं. तिशीही झाली नव्हती, पण बोटं वाकडी झालेली. मंचाचे लोक येणार हे ऐकून तिने अंगणात तीन खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. आशाताईने ओळख करून दिली. ती पदर सावरून समोर उभी राहिली.

"माझं मत विचाराले आले ना तुम्ही?" ती म्हणाली. "सगळं ऐकलं आहे मी. माझं नाई लिहा."

गुरुजी खाली पाहू लागले. देवांगनाने अर्ज उलटसुलट करून पाहिला. त्यात एकट्या माणसाने नाही म्हणायला जागा कुठेच नव्हती. तिने कागद पालथा केला, मागच्या कोऱ्या बाजूवर त्या बाईचं पूर्ण नाव विचारून लिहिलं, त्याखाली 'नाही' असं ठळक लिहिलं, आणि ते तिला वाचून दाखवलं. बाईने मान हलवली.

मग देवांगना म्हणाली, "बस माझ्याजवळ. तुले इथल्या नाल्याचं एक सांगाचं आहे. आणि तू रोज जे जे घेते ना, पुडीसुद्धा, ते सगळं घरातून घेऊन ये."